१२.३० पेक्षा मोठं १२.३०

मार्चचा दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. भोसरीचं वर्कशॉप, गेज रूम.

हजर: वर्कशॉपचे मालक. तीस वर्षं मापं तपासणारे इन्स्पेक्शनचे काका. जिच्या कामावरून बैठक बोलावली होती ती लेथवरची ताई. आमच्या कंपनीचा प्रोग्रामर. मी. शिवाय चहावाला, जो पहिल्यांदा कप ठेवून गेला आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा बसलाच.

विषय: १२.३० हे १२.३० पेक्षा मोठं का आहे?

विषय वहीत मी जसाच्या तसा उतरवून घेतला. त्या खोलीत त्यावर कोणी हसलं नाही. दहा दिवस तो प्रश्न तिथे खरोखरच विचारला जात होता.

त्या गेज रूममध्ये मी पूर्वी अकरा वर्षं काढली आहेत. काकांच्या हाताखाली मायक्रोमीटर धरायला शिकले. पुढे सॉफ्टवेअर तपासायचं काम शिकून घेतलं आणि आता वाकडच्या एका लहान कंपनीत आहे. कोणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं आणि ते झालं का, हे बघणं माझं काम. जुन्या ओळखीमुळे या वर्कशॉपचं माप तपासणीचं काम आमच्याकडे आलं. गेजवर स्पेसर ठेवायचा, माप आपोआप संगणकात जायचं आणि स्क्रीनवर हिरवं ‘पास’ किंवा लाल ‘बाद’ दिसायचं. आधी हे काका वहीत करायचे. काम चोख झालं असतं तर काका आमच्यावर रुसले असते. तसं झालं नव्हतं, त्यामुळे ते खुशीत होते.

स्पेसर म्हणजे दोन भागांच्या मध्ये बसणारं लोखंडी नळकांडं. हा बोटाच्या पेराएवढा होता आणि चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात जायचा. लांबी १२.१ मिलिमीटर, वर ०.२ पर्यंत चालेल, खाली अजिबात नाही. म्हणजे १२.१ ते १२.३. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

आता लेथवरची, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवरची, एक रीत. नव्या माणसाला तिथे पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: माप वरच्या अंगाला ठेव. जास्त राहिलं तर अजून एक कट घेता येतो, कमी झालं की भंगार. लोखंड परत चिकटवता येत नाही. ताईला हे काकांनीच शिकवलं होतं आणि ती ते जरा जास्तच नीट शिकली होती. चार वर्षं पॅकिंगमध्ये काढल्यावर तिला लेथ मिळाला होता, तीन महिन्यांच्या बोलीवर. तिने मशीन असं लावलं की प्रत्येक स्पेसर बरोबर वरच्या काठावर उतरायचा. १२.३०, १२.३०, १२.३०. काका ते हातात घेऊन मालकांना दाखवायचे, “हे बगा. बाई न्हाई, छापखाना हाय.”

आणि आमचा प्रोग्राम नेमके तेवढेच बाद करत होता. स्क्रीनवर ओळ यायची: माप १२.३०, मर्यादा १२.३०, जास्त, बाद.

शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं माप कुठेही जायचं, १२.१४, १२.२७, १२.१९. त्याचे सगळे पास.

दाराजवळच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे दिवसाची एक चुंबकी चकती लागते, हिरवी नाही तर लाल. तीन लाल झाल्या की मशीन जातं. गेज तपासून येईपर्यंत मालकांनी चकत्या थांबवल्या होत्या; तो आल्यावर ताईच्या नावापुढे दोन लागल्या, मग बैठक ठरली म्हणून दुरुस्ती होईपर्यंत पुन्हा थांबवल्या. तिसरी लागली तर ती परत पॅकिंगला. बैठक त्यासाठी होती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण बैठकीत ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

“मी काही वेगळं केलेलं नाही हो,” ताई म्हणाली. ती लातूरकडची. “सेटिंग तेच आहे. मला तर काही कळना गेलंय.”

मालक म्हणाले, “ताई, कॉम्प्युटर उगाच बोलणार नाही. काहीतरी असेल म्हणूनच बोलतोय ना?”

“बारा तीस म्हंजी बारा तीस,” काका म्हणाले. “त्यात धाकटं-थोरलं नसतंय.”

या दहा दिवसांत काय काय करून झालं होतं ते मी विचारून लिहून घेतलं. गेजची बॅटरी बदलली. स्पेसर स्पिरिटने पुसले. वाऱ्याने माप हलत असेल म्हणून पंखा बंद केला, तो अजून बंदच होता आणि आम्ही सगळे घामाघूम होतो. गेज लॅबमध्ये पाठवला, तो ‘योग्य’ असा शिक्का घेऊन परत आला. शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून मालकांनी संगणकाचं टेबल दक्षिणेकडून ईशान्येला हलवलं. त्या दिवशी बाद मालाचं प्रमाण निम्म्यावर आलं. दुपारपासून वीज नव्हती.

प्रोग्रामर एवढा वेळ संगणकावर काहीतरी चाळत होता. तो चौतिशीतला, वाकडच्या चौदाव्या मजल्यावर राहणारा, अतिशय सभ्य माणूस. चूक सापडली की त्याचा आवाज मऊ होतो. तो मऊ आवाजात म्हणाला, “मी एक बेरीज करून दाखवू का?”

त्याने स्क्रीनवर १२.१ अधिक ०.२ टाइप केलं. उत्तर आलं बारा पॉइंट दोन आणि पुढे नऊच नऊ. काकांनी चष्मा वर करून पेन्सिलीच्या टोकाने मोजले. चौदा.

“मर्यादा १२.३ नाहीये,” प्रोग्रामर म्हणाला. “किंचित कमी आहे. स्क्रीन दोनच आकडे दाखवते म्हणून आपल्याला १२.३० दिसतं.”

“म्हणजे कॉम्प्युटरला बेरीज येत नाही?” मालक.

“येते. पण तो दोनाच्या हिशोबाने मोजतो. आपण दहा भागिले तीन करतो तेव्हा तीन-तीन-तीन संपतच नाही, बरोबर? आपल्याला तिसरा हिस्सा आकड्यात पुरा लिहिता येत नाही. तसा त्याला दहावा हिस्सा पुरा लिहिता येत नाही.”

“माझी मुलगी चौथीत आहे,” ताई म्हणाली. “तिला येतो.”

चहावाला म्हणाला, “मग तिलाच बसवा की,” आणि कप गोळा करायला लागला.

मालकांनी विचारलं, दुरुस्त कधी होईल? प्रोग्रामर म्हणाला, दोन तासांत. मी लिहून घेतलं. दोन तासांत ते झालंही. माझ्या वहीत या प्रकरणातली वेळेत झालेली ही एकमेव गोष्ट आहे.

दुरुस्ती अशी. दशांश संख्या कागदावरच्यासारख्या, अंकाखाली अंक मांडून मोजणारी एक तयार सोय त्या भाषेत मिळते. तिच्यात ०.१ म्हणजे ०.१च. मात्र आम्ही लिहितो ती भाषा फंक्शनल जातीची. तिच्यात अधिकची खूण नेहमीच्या संख्यांपुरती असते, या दशांश संख्यांना ती ओळखत नाही. त्यांच्यासाठी खूण काढून दर वेळी क्रियेचं, म्हणजे फंक्शनचं, नाव शब्दात लिहावं लागतं. ‘मूळ माप अधिक टॉलरन्स’ (टॉलरन्स म्हणजे चालणारी सूट, इथे ०.२) याऐवजी ‘बेरीज, कंसात मूळ माप, टॉलरन्स’. एक बेरीज असेल तर ठीक. पण इतर भागांची सूत्रं लांब होती. तीन मापं मिळवून तिनाने भागायचं एक सूत्र होतं. ते आता एकात एक तीन कंस घातलेलं झालं होतं.

आणि चाकणच्या कारखान्याची अट अशी की मापाच्या सूत्राला हात लागला तर इन्स्पेक्टरने, म्हणजे इथे काकांनी, नवं सूत्र स्वतः वाचायचं, समजून घ्यायचं आणि बदलाच्या फॉर्मवर सही करायची. त्याशिवाय नवा प्रोग्राम चालवायचा नाही. ही अट वहीच्या काळातली आहे, पण अट ती अट.

काकांनी छापलेला कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “भागाकार, कंस, बेरीज, कंस, बेरीज, कंस, पैलं माप, स्वल्पविराम, दुसरं माप, कंस पुरा, स्वल्पविराम, तिसरं...” त्यांनी कागद खाली ठेवला. “ह्ये सूत्र हाय का लग्नपत्रिका? समदी नावंच नावं.”

“काका, अर्थ तोच आहे,” मी म्हणाले.

“पोरी,” काका म्हणाले. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. “मला अधिकची खूण दाव. वजाची दाव. मला ज्येवढं येतं त्येवढ्यावर मी सही करतो. न कळता सही करायला मी काय संचालक हाय?”

मालकांनी पंख्याकडे बघितलं.

बाहेर येऊन मी प्रोग्रामरला विचारलं, “खुणा परत आणता येतील?”

तो थांबला. “येतील. मॅक्रो लिहावा लागेल.”

मॅक्रो म्हणजे काय ते त्याने मला मोटारसायकलच्या सीटवर बोटाने काढून सांगितलं. प्रोग्राम चालण्याच्या आधी मॅक्रो तो वाचतो आणि पाहिजे तिथे बदलून घेतो. त्या फाइलच्या डोक्यावर एक ओळ टाकली की तिथून खाली अधिकची खूण दिसेल तिथे तो गुपचूप दशांशाची बेरीज घालेल. लिहिणाऱ्याने खूणच लिहायची, वाचणाऱ्याने खूणच वाचायची. जुन्या खुणेला सुट्टी, तिच्या खुर्चीवर नवी.

“पण कोणकोणत्या खुणा बदलायच्या ते नेमकं सांगावं लागतं,” तो म्हणाला. “जी सांगणार नाही ती जुनीच राहते. तुम्ही यादी द्या.”

यादी हा शब्द माझ्यासमोर काढायचा नसतो. मी लगेच वही काढली. एक, अधिक. दोन, वजा. तीन, गुणिले. चार, भागिले.

“आणखी काही?” त्याने विचारलं.

“गणितात एवढंच असतं,” मी म्हणाले.

त्याने पानाचा फोटो काढून घेतला.

बुधवारी सकाळी वाकडला मी तपासणी केली. बेरजा, वजाबाक्या, गुणाकार, भागाकार, सगळं बरोबर. मग स्पेसरची मापं हाताने टाकून बघितली. १२.० बाद. १२.१ पास. १२.२ पास. १२.३ पास, तोच काठावरचा, ज्यासाठी सगळं चाललं होतं. १२.४ बाद. प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली आणि पान मिटलं. गेज पाठवतो तसं शेवटी एक शून्य लावून बघायचं मला सुचलं नाही. शून्याने काय फरक पडतो?

दुपारी भोसरीला सहीचा कार्यक्रम. फॉर्मला दोन कागद जोडायचे असतात, ‘जुने सूत्र’ आणि ‘नवे सूत्र’. काकांनी दोन्ही वाचले. परत वाचले. मग एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाकडे धरले. डोक्यावरची एक ओळ सोडली तर अक्षरावर अक्षर बसलं.

“ह्ये तर त्येच हाय.”

“हो,” प्रोग्रामर म्हणाला.

“बदल काय केला?”

“अधिकच्या खुणेचा अर्थ बदललाय.”

“खूण कुठली?”

“तीच.”

“मंग जुनीवाली चूक हुती ती हीच ना?”

“दिसायला तीच. पण आता बरोबर आहे.”

काकांनी कागद मालकांकडे दिले. मालकांनीही उजेडाकडे धरले. फॉर्मवर ‘बदलाचे स्वरूप’ असा चौकोन होता. मालकांनी पेन घेऊन त्यात ‘काही नाही’ असं लिहिलं, मग खोडलं.

काका म्हणाले, “जे बदललंच न्हाई ते बदललं म्हून मी सही करू? उद्या चाकणवाले इचारतील, काका, काय बदललं? मी काय सांगू? खिडकीतून बगा?”

मग मी चहा काढला. म्हणजे बोलण्यात. “काका, तुम्ही इथे नुसतं ‘चहा’ म्हणता तेव्हा काय येतं?”

“बिनसाखरेचा.”

“आणि शेजारच्या शॉपमध्ये तुम्ही ‘चहा’ म्हणालात तर?”

“पाक येतो.”

“शब्द तोच ना? इथे दारात चहावाल्याला एकदा सांगून ठेवलंय, या खोलीत चहा म्हणजे बिनसाखरेचा. ती वरची ओळ म्हणजे ते सांगून ठेवणं.”

काकांनी त्या वरच्या ओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. मग म्हणाले, “असं पैलंच सांगायचं.” चौकोनात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘अधिक तेच. आतून दुसरं.’ आणि सही केली. मला त्या दोन वाक्यांत आजही काही दुरुस्ती सुचत नाही.

गुरुवारी सकाळी सातच्या शिफ्टला नवा प्रोग्राम चालू झाला. मी साडेनऊला पोचले, तेव्हा ताईच्या नावापुढे तिसरी लाल चकती लागलेली होती.

काय झालं ते तिने मशीनपाशी उभं राहून सांगितलं. ती मोठ्याने बोलत नव्हती. पहिला स्पेसर १२.३०, बाद, जास्त. दुसरा तसाच. तिला वाटलं, आपणच जरा खाली यावं. एक कट घेऊन १२.२५ केला. जास्त. १२.१५ केला. जास्त. तीन स्पेसर तिने घासत घासत १२.०८ पर्यंत आणले. ते आता खरोखर कमी होते, भंगार होते. स्क्रीन म्हणत होती: जास्त, बाद.

“कालपर्यंत काठावरचेच बाद जात होते, मॅडम,” ती म्हणाली. “तुम्ही दुरुस्त केल्यापासून सगळेच जायलेत. त्या शेजारच्या दादांचे पण. पण त्यांची ही पहिलीच लाल. माझी तिसरी.”

मालक तिथेच होते. “नियम मीच केलाय, आता मीच कसा मोडू?” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

“पॅकिंगला पाठवायचं तर पाठवा,” ताई म्हणाली. “चार वर्षं केलं, अजून करीन. फक्त माझ्या हातानं झालं असं लिहू नका. माझा हात चुकलेला नाही.”

प्रोग्रामरला मी फोन करून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत काका, मालक, ताई आणि मी संगणकाभोवती जमलो. काकांनी हातातल्या मायक्रोमीटरने माप घेऊन सांगायचं आणि ताईने ते स्वतः टाइप करायचं, असं ठरलं. निदान गेजचा संशय तरी मिटेल. काकांनी पहिला स्पेसर धरला. “बारा पॉइंट वीस.”

ताई रागात भराभर बटणं दाबत होती. तिने १, २, २ दाबलं; पॉइंटही राहिला आणि शेवटचं शून्यही. एंटर.

स्क्रीन हिरवी झाली. माप १२२, पास.

काका हातातला स्पेसर घेऊन स्क्रीनजवळ वाकले.

“एकशे बावीस मिलिमीटर?” काका म्हणाले. त्यांनी टेबलावर अंगठा आणि तर्जनी फाकवून माप धरलं. “एवढा? अर्धी वीत?”

“पास,” ताई म्हणाली.

“आता नीट टाक.”

तिने १२.२० टाकलं. जास्त, बाद.

“पुढं टाक. १.२२ टाक.”

हिरवं. पास.

“पत्र्याएवढा पास,” काका मालकांकडे वळून म्हणाले, “अर्धी वीत पास, आन् बरुबर मापाचा नापास. ह्ये मशीन न्हाई, ह्ये सरकारी भरती हाय.”

मालकांनी खुर्ची ओढली आणि स्वतः टाइप करायला लागले. त्यांचं वय टाकलं, अठ्ठावन्न. कमी, बाद. “बरं,” असं पुटपुटत ते उठले.

मग ताई स्क्रीनच्या जवळ गेली. “मॅडम, हे बघा. मर्यादा आता १२.३ दाखवायलंय. आधी १२.३० दाखवत होतं. आणि माझं माप १२.३०. माझ्यात एक शून्य जास्त आहे.” तिने शून्य गाळून १२.३ टाकलं. पास. शून्य लावून टाकलं. बाद. परत गाळून, पास. तिने हे पाच वेळा केलं आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात प्रोग्रामर आला. त्याने एकदा बघितलं आणि त्याचा आवाज एवढा मऊ झाला की आम्हाला पुढे झुकावं लागलं. दशांश संख्या आत दोन तुकड्यांत ठेवलेली असते, तो म्हणाला. एक, नुसते आकडे. दुसरा, पॉइंट कुठे आहे ते. १२.३ म्हणजे आकडे एकशे तेवीस. १२.३० म्हणजे आकडे एक हजार दोनशे तीस. त्यांची तुलना करायची ती पॉइंट बघून. पण ‘पेक्षा मोठं’ ही खूण जुनीच राहिली होती. जुनी खूण आधी नुसते आकडे बघते आणि तिथेच निकाल देते. एक हजार दोनशे तीस हे एकशे तेवीसपेक्षा मोठं, बाद. बाराशे आठ, तेही मोठं, बाद. एकशे बावीस मात्र एकशे एकवीस आणि एकशे तेवीस या मर्यादांच्या बरोबर मध्ये, पास.

“ती खूण का नाही बदलली, राव?” मालकांनी विचारलं.

प्रोग्रामर माझ्याकडे बघेना. त्याने फोन काढला, फोटो उघडला आणि फोन टेबलावर ठेवला. माझी वही, माझं अक्षर. अधिक, वजा, गुणिले, भागिले. खाली मीच ओढलेली जाड रेघ, यादी संपल्याची.

चौथीत आम्हाला चार क्रिया शिकवल्या होत्या. ‘पेक्षा मोठं, पेक्षा लहान’ हे आधीच, पहिलीत झालं होतं. त्यात बेरजेसारखं काही करावं लागत नाही, नुसतं बघून सांगायचं. म्हणून मी ते गणितात धरलंच नाही. आणि अख्ख्या प्रोग्रामचं काम तेवढंच होतं: मोठं की लहान.

“माझी चूक,” मी म्हणाले. “यादी माझी होती.”

काका म्हणाले, “पोरी, तू गेज रूममधी हुतीस तवा बी हेच. समदं लिवायचीस आन् डबा घरी.”

मी पेन काढून रेघेखाली लिहिलं: पाच, मोठं. सहा, लहान. सात, सारखं. अर्ध्या तासात प्रोग्रामरने त्या तीन खुणा मॅक्रोत घातल्या. या वेळी मी १२.३०, १२.३, १२.३००, १२२, १.२२ आणि मालकांचं वय, सगळं टाकून बघितलं. काकांनी फॉर्मवर पुन्हा सही केली. चौकोनात लिहिलं, ‘राहिलेल्या बी आतून दुसऱ्या.’ मग सकाळचा पूर्ण ट्रे परत तपासला. सगळे पास. फक्त तीन बाद, ते १२.०८ वाले, जे तिने स्क्रीनचं मन राखायला घासले होते. आता तेही बरोबर कारणाने बाद झाले: कमी.

“म्हणजे तीन बाद आहेतच ना?” मालक हळूच म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते बाहेर फोन घ्यायला गेले. फोन वाजला नव्हता.

आता लाल चकती काढायची. हे मला पाच मिनिटांचं काम वाटलं होतं.

लागलेली चकती काढायला वेगळा फॉर्म आहे, आणि त्यात ‘कारण क्रमांक’ लिहावा लागतो. कारणं पाच. टूल झिजलं. कच्चा माल. मशीनची सेटिंग. गेज. ऑपरेटर. सहावं ‘इतर’ होतं, ते मागच्या ऑडिटमध्ये काढून टाकलं, कारण सगळे तेच लिहायचे. मालक म्हणाले, गेज लिहा. काका म्हणाले, त्यांच्या गेजवर खोटा आळ येऊ देणार नाहीत, तो लॅबमधून शिक्का घेऊन आलाय. मालक म्हणाले, मग सेटिंग. ताई म्हणाली, सेटिंग माझंच असतं, म्हणजे मीच. टूल नवं होतं आणि मालही बरा होता. उरलं ऑपरेटर. तो शब्द कोणी उच्चारला नाही, पण सगळ्यांनी वाचला.

मी म्हणाले, “नवीन कारण घालू. क्रमांक सहा, सूत्रातली चूक. जबाबदारी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याची. खाली मी सही करते.”

नवीन कारण घालायचं तर चाकणच्या कारखान्याची मंजुरी लागते. मी त्याच दुपारी मेल केला. झालेला प्रकार, दोन्ही सूत्रं, दोन्ही फॉर्म, माझ्या यादीचा फोटोसुद्धा जोडला. त्यांचं उत्तर चार दिवसांनी आलं, नम्र होतं. नवीन कारण क्रमांकाची विनंती विहित फॉर्मवर करावी. फॉर्म सोबत होता. त्यात एक चौकोन होता, ‘विनंतीचे कारण (क्रमांक लिहा, १ ते ५)’.

मी तो कोरा ठेवून पाठवला. अपूर्ण म्हणून परत आला. मग त्यात सहा लिहिलं. असा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणून परत आला. फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, मॅडम, तुमचं अगदी बरोबर आहे, पण आमचा प्रोग्राम एक ते पाचच घेतो. मी विचारलं, तुमचा प्रोग्राम कोणी लिहिला? तो म्हणाला, ते बघावं लागेल.

मालकांनी तोवर एक मार्ग काढला. तिसरी चकती ‘वादग्रस्त’ समजायची आणि निकाल लागेपर्यंत ताईने लेथवर ‘तात्पुरतं’ राहायचं. ती राहिली आहे. तिचे स्पेसर अजून १२.३०च येतात. काकांनी तिला दोनदा सांगितलं, जरा खाली आण, जीवाला घोर नको. ती म्हणाली, “माप बरोबर आहे तर खाली का आणू?”

पण तिची तीन महिन्यांची बोली या महिनाअखेरीस संपते. लेथवर कायम केल्याचं पत्र फळा बघून निघतं, आणि फळ्यावर लाल तीन आहेत. मालक म्हणतात, त्यातली एक उतरली की त्याच दिवशी पत्र देतो. मी त्यांच्याकडून ते लिहून घेतलं आहे.

आज सकाळी चाकणला पुन्हा फोन केला. संबंधित साहेब कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहेत, दुपारनंतर करा, असं कळलं. दुपारनंतर केला तर ते कंपनीच्या बसने निघून गेले होते.

वहीत उद्याच्या पानावर आठ कामं आहेत. सात माझ्या हातातली आहेत, ती होतील. पहिल्या ओळीवर आहे: कारण क्रमांक सहा, मंजुरी. ताईची चकती उतरवणे. त्या ओळीपुढे अजून बरोबरची खूण नाही.